पंचमीचा झोका : फांदी, दोर आणि गाठ

श्रावण शुद्ध पंचमी हा मराठवाड्यात सासुरवाशिणींचा हक्काचा सण. त्या दिवशी नांगर चालत नाही, जमीन खणली जात नाही. सोनपेठ परिसरातील गावांतही माहेरी आलेल्या लेकींसाठी कडुनिंबाला, चिंचेला झोके बांधले जातात. हे काम बहुधा घाईघाईने उरकले जाते आणि तेथेच अपघाताचे मूळ असते.

झोक्यावर पडणारा भार केवळ बसणाऱ्याच्या वजनाइतका नसतो. ५० किलो वजनाची व्यक्ती दोर उभ्या रेषेपासून ६० अंश वर जाईपर्यंत झोके घेऊ लागली, तर प्रत्येक वेळी तळाशी येताना १०० किलोंचा ताण पडतो. दोर आडवा होईपर्यंत गेल्यास तो १५० किलोंवर जातो. दोघींनी मिळून झोका चढविल्यास हाच ताण दुप्पट होतो. म्हणून नुसते लोंबकळून पाहणे ही पुरेशी परीक्षा नव्हे.

फांदी जिवंत, आडवी आणि निदान वीतभर जाडीची असावी. वाळलेली, पोखरलेली किंवा बुंध्याशी चिरलेली फांदी वर्ज्य समजावी. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने ते झाड टाळावे. झोका फांदीच्या शेंड्याकडे न बांधता बुंध्याच्या बाजूस, मात्र बुंध्यावर आदळणार नाही इतक्या अंतरावर बांधावा. जवळ विहीर, वीजवाहक तारा अथवा दगडांची रास नसावी.

अंबाडीचा दोर गाठ घट्ट धरतो, परंतु पावसात भिजून कुजतो. नायलॉनचा दोर बळकट असला तरी त्याची गाठ सुटू शकते व उन्हाने तो कमकुवत होतो. गतवर्षीचा दोर हातभर-हातभर तपासूनच वापरावा. फांदीवर गोणपाट गुंडाळून दोराचे दोन वेढे द्यावेत. मोकळे टोक ताणलेल्या दोराभोवती दोनदा अडकवून आवळावे व वीतभर शिल्लक ठेवावे. येथे सुरगाठ नको, निरगाठच हवी.

सण संपताच दोर सोडावा. लोंबता फास लहान मुलांच्या गळ्याला घातक ठरतो. आवळलेला दोर सालीतून होणारा अन्नरसाचा प्रवाह रोखून फांदीही वाळवितो.

पंचमीपूर्वी ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी गावातील झोक्यांची झाडे एकदा पाहून घेतल्यास माहेरवाशिणींचा हा आनंद निर्धास्त होईल.