हायस्कूलची मुले काय म्हणतात?

शिक्षणपद्धतीवर बोलण्याचा अधिकार आपल्याकडे सर्वांना आहे. मंत्री बोलतात, संपादक लिहितात, पालक कट्ट्यावर बसून चर्चा करतात, निवृत्त गुरुजी ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करून उसासा टाकतात. परंतु त्या पद्धतीत रोज सहा-सात तास बाकावर बसणारा जो विद्यार्थी, त्याला मात्र ‘बाबा, तुला नेमके कुठे अडते?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. रोग्याला न विचारता औषध देण्यासारखाच हा प्रकार म्हणावा लागेल.

मी उद्यमबागेजवळच्या वस्तीत राहते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि सध्या मी बी. कॉम. करीत आहे. गल्लीतील आठवी ते दहावीची काही मुलेमुली संध्याकाळी आमच्या घरी अभ्यासाला येतात. त्यांत मराठी माध्यमाची आहेत, कन्नड माध्यमाची आहेत, एकदोघे इंग्रजी माध्यमाचेही आहेत. कुणाचे वडील लेथवर, कुणाचे फौंड्रीत. सहामाही परीक्षा आटोपल्यावर मी त्यांना ‘शाळेत मला काय अडते?’ या विषयावर एकेक पान लिहावयास सांगितले. भाषेचे बंधन घातले नाही, नाव लिहिण्याची सक्तीही केली नाही. ती पाने वाचून जे समजले व त्यामागची कारणे शोधताना जे वाचनात आले, ते या लेखात मांडीत आहे. तक्रारींची यादी देण्याचा हेतू नाही; एकेक तक्रार कुठून उगवते हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

गुणांचे गणित

जवळजवळ प्रत्येक पानावर पहिली ओळ परीक्षेविषयी होती. आपल्या राज्यातील एस. एस. एल. सी. परीक्षा एकूण ६२५ गुणांची असते. प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण. शंभरांपैकी ८० लेखी परीक्षेचे व २० शाळेने द्यावयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. कागदावर ही रचना उत्तम आहे. वीस गुणांत मुलांनी प्रकल्प करावेत, प्रयोग करावेत, बोलावे, शोधावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काय होते? नववीतील एका मुलीने लिहिले आहे, ‘प्रोजेक्ट म्हणजे दुकानातून चित्रे आणून चिकटवणे.’ यावर निराळे भाष्य नको.

अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी ‘पासिंग पॅकेज’ नावाचे एक साधन आपल्याकडे प्रचलित आहे. उत्तीर्ण होण्यापुरते नेमके प्रश्न, आकृत्या, नकाशे व उत्तरे त्यात एकत्र केलेली असतात. नापास होऊन मूल घरी बसण्यापेक्षा हे बरे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मुलाला वर्षभर केवळ पॅकेजच मिळाले, त्याला धडा कधी मिळाला? आजाऱ्याला सलाईन लावतात ते तात्पुरते; जन्मभर कोणी सलाईनवर जगत नाही.

२०२३ साली या परीक्षेचा निकाल ८३.८९ टक्के लागला होता. २०२४ साली परीक्षागृहांत कॅमेरे लावून वेबकास्टिंगद्वारे देखरेख करण्यात आली आणि निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. तोही ग्रेस गुणांची मर्यादा वाढविल्यानंतर. त्याच वर्षापासून एका वर्षात तीन परीक्षांची सोय झाली, ही गोष्ट मुलांच्या दृष्टीने खरोखर चांगली आहे. पण एका वर्षात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडला म्हणजे मुले एकाएकी मठ्ठ झाली असे नव्हे. आधीचा आकडा मुलांना काय येते हे पुरते सांगत नव्हता, असाच निष्कर्ष निघतो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगावयाचे तर ताळेबंद फुगविलेला होता. कडक तपासनीस आला तेव्हा मालमत्ता किती ते कळले. दोष तपासनिसाचा नव्हे, आणि मालकाच्या लहान मुलांचा तर मुळीच नव्हे.

तीन भाषांची वाट

दुसरी तक्रार भाषेची. येथे आपल्या भागाचा इतिहास थोडा आठवावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव व निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. पुढे १९८१ चा गोकाक समितीचा अहवाल, १९८२ ची त्या अहवालासाठीची चळवळ, १९८६ चे सीमाभागातील कन्नडसक्तीविरोधी आंदोलन हे सारे घडले. २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषय पहिलीपासून टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत अनिवार्य झाला. त्याआधी ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा असून सरकारला मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही, असा निर्णय दिला होता. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो या लेखाचा विषय नाही. आपला विषय त्या वादाच्या मधोमध दप्तर घेऊन उभे असलेले मूल हा आहे.

या मुलाला मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषा वागवाव्या लागतात. पैकी कन्नड आमच्या मुलांना अवघड का जाते? वास्तविक दोन्ही भाषांची वाक्यरचना सारखी आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. अण्णा, अक्का, तूप असे शेकडो शब्द दोन्ही घरांत थोड्याफार फरकाने नांदतात. अडचण येते ती बारीक ठिकाणी. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ व दीर्घ ‘ए’, ऱ्हस्व ‘ओ’ व दीर्घ ‘ओ’ ही अक्षरे वेगवेगळी आहेत. मराठीत हा भेद लिहीत नाहीत, म्हणून आमच्या मुलांचे शुद्धलेखन तेथेच लाल शाईने भरते. उलट कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, तर मराठीत तो दगड, ती वीट, ते कौल! कन्नड घरातून आलेले मूल ‘माझा वही’ म्हणाले की वर्ग हसतो. दोन्ही चुका अज्ञानाच्या नसून आपापल्या भाषेच्या सवयीच्या आहेत. हे एकदा फळ्यावर दोन रकाने आखून समजावून दिले, तर अर्धे रडे संपेल. परंतु दोन भाषा एकमेकींच्या शेजारी ठेवून शिकविण्याची रीतच नाही. मुलाला तिसऱ्या इयत्तेतील संभाषण येत नसताना दहावीत त्याच्यापुढे जुने काव्य येते. मग पाठांतराशिवाय दुसरा मार्ग कोणता?

खरा घाट पुढे दहावीनंतर लागतो. आपल्याकडे पी. यू. सी. मराठी माध्यमातून करता येत नाही. मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येतो, पण हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन हे विषय इंग्रजीतून किंवा कन्नडमधून शिकावे लागतात. मार्चमध्ये ज्याने मराठीतून समाजविज्ञान लिहिले, तो जूनमध्ये इंग्रजी व्याख्यानाला बसतो. मधल्या काळात त्याची काही तयारी करून घ्यावी, अशी योजना नाही.

याचे एक उदाहरण देते. आमच्या वर्गात ‘डिप्रिसिएशन’ हा भाग आला तेव्हा मराठी शाळांतून आलेली मुले-मुली खाली मान घालून व्याख्या उतरवून घेत होती. वास्तविक ही कल्पना उद्यमबागेतील लहान मुलालाही ठाऊक असते. समजा, एका कारखानदाराने चार लाख रुपयांचा लेथ घेतला. तो दहा वर्षे चालेल व शेवटी त्याची काही किंमत येणार नाही, असे धरले. तर दरवर्षी चाळीस हजार रुपयांची झीज झाली, ती त्या वर्षाच्या खर्चात धरावयाची. नाही तर नफा खोटा दिसेल. मराठीत यालाच घसारा म्हणतात आणि कन्नडमध्ये सवकळी. दोन्ही शब्दांत झिजणे आहे. ज्याचे वडील रोज त्या यंत्राला तेल घालतात, त्या मुलाला कल्पना आधीच आलेली आहे, अडतो तो फक्त शब्द. आणि शब्दापायी हुशार मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते, ही या पद्धतीने केलेली सर्वांत मोठी हानी होय.

निपाणीकडच्या मुलांपुढे आणखी एक वाट असते. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येते. तेथील देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. सोय मोठी आहे, परंतु राज्य बदलले की मंडळ, पुस्तके, शिष्यवृत्तीचे नियम सारेच बदलते. पंधरा वर्षांच्या मुलाने घेतलेला हा निर्णय त्याच्या पुढील नोकरीच्या अर्जापर्यंत पाठ सोडीत नाही, आणि त्याची पूर्वकल्पना त्याला देणारे घरात सहसा कोणी नसते.

चौदाव्या वर्षी काय होते?

तिसरी गोष्ट मुलांनी थेट लिहिली नव्हती, पण ओळींमधून डोकावत होती. ‘दहावी झाली की वडिलांबरोबर कामाला,’ हे वाक्य दोनतीन पानांवर अगदी सहज आले होते. निपाणी भागात तेच काम तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या सुपावर असते. तेथील मुली आईच्या शेजारी बसून पान कापतात.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची मर्यादा सहा ते चौदा वर्षे, म्हणजे आठवीपर्यंत. नववीचा दरवाजा ओलांडला की हक्क संपतो आणि फी, वह्या, बस यांचा हिशेब सुरू होतो. नेमके त्याच वयात मुलाचे हात कामाच्या उपयोगाचे होतात. ज्या वळणावर आधार हवा त्याच वळणावर कायदा हात सोडतो. माध्यान्ह भोजन आपल्या राज्यात दहावीपर्यंत मिळते, हा एक चांगला अपवाद. मूल शाळेत टिकण्यास एक वाटी सांबार किती उपयोगी पडते, हे वातानुकूलित खोलीतील तज्ज्ञांस कदाचित कळणार नाही.

हात आणि पाटी

यंत्रशाळा चार पावलांवर आणि शाळेत यंत्राचे चित्र! एका मुलाने विचारले आहे, ‘अक्का, बाबा मायक्रोमीटर वापरतात, आम्हाला ते पुस्तकात तरी का नाही?’ प्रश्न साधा आहे, पण नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य अशा व्यवहारोपयोगी विषयांचा समावेश असावा, असे त्यांनी सुचविले होते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हटले. कार्यानुभव वेळापत्रकात एक तास म्हणून आला आणि बहुतेक ठिकाणी तो तास गणिताने गिळला.

नववी-दहावीच्या समाजविज्ञानात आज बँकेचे व्यवहार, उद्योजकता, ग्राहक संरक्षण असे व्यवसायविषयक धडे आहेत. हे धडे शिकविताना वर्ग एक दिवस उद्यमबागेत नेला, कच्चा माल येतो कुठून, बिल कसे होते, कर्जाचा हप्ता कसा जातो हे दाखविले, तर एका फेरीत चार धडे होतील. त्याला नवा आयोग लागत नाही; एक शिक्षक, एक मालक आणि मुख्याध्यापकांची सही पुरे.

मग करावे काय?

आयोग तर येतच राहतात. २०२० साली राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. आपल्या राज्याने ते बाजूला ठेवून प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा आयोग नेमला. त्याने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला व दोन भाषांचे धोरण सुचविले. ओझे कमी व्हावे हे सर्वांनाच पटेल. पण सीमाभागातील मुलाच्या बाबतीत ‘दोन’ म्हणजे कोणत्या दोन, हा प्रश्न उरतोच. घरची भाषा सोडली तर मुळे तुटतात, कन्नड सोडली तर शेजार तुटतो, इंग्रजी सोडली तर पुढचा रस्ता बंद होतो. त्यामुळे भाषांची संख्या किती यापेक्षा त्या कशा शिकविल्या जातात, याचा विचार आधी व्हावा असे मला वाटते.

हे मोठे निर्णय आपल्या हाती नाहीत. आपल्या हाती आहे ते एवढेच. हे नियतकालिक मराठी व कन्नड अशा दोन विभागांत निघते. दोन्हीकडे लिहिणारे विद्यार्थी एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात. आपण मिळून वाणिज्य शाखेतील दोनशे शब्दांची एक लहान पुस्तिका करू शकतो. तीत चार रकाने असतील : इंग्रजी शब्द, मराठी शब्द, कन्नड शब्द आणि आपल्या भागातील एक उदाहरण. लेजर म्हणजे खतावणी, जर्नल म्हणजे रोजकीर्द. आणि जमा-खर्च हा शब्द तर दोन्ही भाषांत चालतो, त्याला भाषांतरही नको. एप्रिल-मेच्या सुटीत दहावी झालेल्या मुलांना ही पुस्तिका घेऊन पंधरा दिवस शिकविले, तर जूनमध्ये वर्गात मान खाली घालून बसणाऱ्यांची संख्या निश्चित कमी होईल.

माझ्याकडे साठ शब्द लिहून तयार आहेत. मराठी रकाना मी भरला आहे. कन्नड रकान्यातील बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. कन्नड विभागातील मित्र-मैत्रिणींनी त्या भरण्यासाठी पुढे यावे, ही विनंती.