गावनकाशातल्या सायकलवाटा

"मुळशीला जाऊन आलो," असे पुण्यात सोमवारी सकाळी कोणी सांगू लागले की पुढचे आपण न ऐकताही सांगू शकतो. चांदणी चौकातून बाहेर पडायलाच वेळ गेला, भूगाव-पिरंगुटला गाड्यांची रांग होती, ताम्हिणीत एका धबधब्यासमोर शे-दोनशे माणसांच्या घोळक्यात भजी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत परत फिरलो. मुळशी पाहायचे तेवढे राहून गेले.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे आता नातवंडांना समजावून सांगावे लागते. सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट सापडलो तर पोलीस पकडत, एवढी तिची दखल घेतली जात असे. शहरातून ती हळूहळू हद्दपार झाली. आता नव्या पिढीतली काही मंडळी हेल्मेट घालून, पहाटे पाच वाजता कोथरूडहून पौडच्या दिशेने निघतात. कौतुक वाटते आणि काळजीही वाटते, कारण कोकणात उतरणारी सगळी वाहतूक त्याच रस्त्याने जाते. डंपरच्या चाकाला चाक लावून निसर्ग पाहण्यात कसले सुख?

मग मोटारींचा त्रास नसलेली वाट मुळशीत नाहीच का? मी म्हणतो, आहे. एक सोडून अनेक आहेत. फक्त त्या पर्यटनाच्या पुस्तिकेत नाहीत, गावनकाशात आहेत.

बँकेत असताना पीककर्जाच्या निमित्ताने सातबाराचे उतारे आणि गावनकाशे पुष्कळ चाळावे लागले. कर्जाचे कागद कंटाळवाणे असतात, पण गावनकाशा ही वाचण्याजोगी चीज आहे. त्यात दुहेरी तुटक रेषा दिसली की ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. शेतांच्या मधून, दोन्ही बाजूंना कुंपण किंवा बांध घेऊन जाते ती पाणंद. बैलगाडी जाईल एवढीच रुंदी, म्हणजे सायकलला ऐसपैस आणि मोटारीला अडचणीची. कोणत्याही सायकल-आराखड्यापेक्षा जुने असे हे जाळे प्रत्येक गावाच्या दप्तरात पडून आहे.

पौडहून उजवीकडे वळून कोळवणच्या खोऱ्यात शिरा. मुख्य रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. दोन्हीकडे भातखाचरे, मध्ये वळकी नदी, पुढे हाडशी आणि खिंडीपलीकडे तिकोना. या भागाचा आंबेमोहोर प्रसिद्ध. भात निसवल्यावर सकाळच्या वाऱ्याला जो वास येतो, तो बंद काचेच्या मोटारीत शिरत नाही. खिंड चढून गेलात की पलीकडे पवनेचे पाणी दिसते. हा रस्ता डांबरी आहे आणि मोटारींना मोकळा आहे, तेव्हा त्याला मोटारमुक्त म्हणता येणार नाही. पण त्याच्या दोन्ही अंगांना, वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या मातीच्या वाटा फुटतात. खरी मजा तिथे आहे.

धरणाच्या काठाची गोष्ट वेगळी. तिथल्या रस्त्याला एवढे चढ-उतार का, असे दमलेला सायकलस्वार विचारतो. त्याचे उत्तर पाण्याखाली आहे. खोऱ्याच्या तळातून, नदीच्या काठाने जाणारी सपाट वाट आणि तिच्यावरची गावे मुळशीच्या तलावात गेली. टाटा कंपनीने मुळा नदी अडवून ते पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडले आणि १९२७ पासून तिथे वीज होऊ लागली, ती मुंबईसाठी. त्याआधी १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. लढा हरला, गावे उठली. आज ज्या पाण्याकडे पाहून आपण "वा!" म्हणतो त्याखाली कुणाच्या तरी वहिवाटीचा रस्ता आहे, हे सायकलच्या वेगाने जाणाऱ्याला निदान आठवायला सवड मिळते.

आज पुन्हा वाटा जात आहेत, पण पाण्याखाली नव्हे, तारेच्या कुंपणामागे. शहरातल्या माणसाने जमीन घेतली, फार्महाऊस बांधले, फाटक लावले. कोळवण खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी नकाशातली एक वाट विचारली. तो म्हणाला, "सायेब, कागदावर वाट हाये, पर तिथं आता गेट हाये आन् गेटावर कुत्रं हाये." मी त्याला उत्साहाने सायकलवाटांची कल्पना सांगितली. सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, "मोटारी बंद करा म्हणता, मग आमच्या दुधाच्या टेंपोनं कुठून जायाचं? म्हातारीला दवाखान्यात न्यायची तर तुमच्या कॅरियरवर बसवू का?"

प्रश्न बिनतोड होता. गावाचा डांबरी रस्ता शहरी हौसेसाठी अडवायचा विचार कुणी करू नये. पण पाणंद मोकळी करून घेण्यात त्याचे आणि आपले हित एकच आहे. त्याला शेतात खत न्यायचे आहे, आपल्याला सायकल न्यायची आहे. अडवलेली वहिवाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला दिलेला आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारची मातोश्रींच्या नावाने योजनाही २०२१ पासून आहे. तिथे फक्त एक पथ्य पाळायला हवे : पाणंद खडी-मुरमाचीच राहू द्यावी. डांबर पडले की मागोमाग मोटार आलीच.

बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात हेच झाले. तिथल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, मालगाड्यांचे रूळ निकामी झाले. ह्युगो बोलन नावाच्या खाण अभियंत्याने खाणीतल्या वाटाड्या-पद्धतीवरून युक्ती काढली. जुने लोहमार्ग, शेतरस्ते, कालव्याचे काठ जोडायचे आणि जिथे दोन वाटा मिळतात त्या नाक्याला एक आकडा द्यायचा. १९९५ मध्ये हे जाळे सुरू झाले. प्रवाशाने कागदावर चार-पाच आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचे. पुढे साऱ्या फ्लँडर्सने आणि नेदरलँड्सने ते उचलले. नव्या रस्त्यांपेक्षा तिथे पाट्या अधिक लागल्या. आपल्याकडे तर हिशेब आणखी सोपा, कारण वाटा आधीच सर्व्हे नंबरांनिशी नोंदलेल्या आहेत.

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत मुळशी-मावळातूनही गेली. उत्तम झाले. पण शर्यतीतला माणूस खाली मान घालून सुसाट जातो. पर्यटक सायकलस्वार मात्र थांबतो, विचारतो आणि मुख्य म्हणजे त्याला भूक लागते. मोटारवाला घरून डबा आणतो आणि कचरा ठेवून जातो. सायकलवाला तीन भाकऱ्या, पिठले आणि दोन तांबे ताक संपवून रोख पैसे मोजतो. जुन्या बँकवाल्याला हा व्यवहार डोळे मिटून मंजूर करावासा वाटेल.

जायचेच असेल तर दिवाळीनंतर जावे. पावसात ताम्हिणीकडे सायकल घालू नये; तिथे चोवीस तासांत कुठल्या कुठल्या गावाचा वर्षभराचा पाऊस पडतो आणि अनेकदा जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही असतात. नोव्हेंबरात पायवाटा वाळलेल्या असतात, खाचरांत कापणी चाललेली असते. टायर जरा रुंद असावेत, पंक्चरचे सामान जवळ असावे आणि उभ्या पिकातून वाट काढू नये. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मिळते. ती काढायला पौडला गेलात तर सायकलनेच जा. पेठेत मोटार लावायला जागा सापडत नाही.