लातूरची गंजगोलाई
(बाजारपेठांची जडणघडण : लेखांक सातवा)

मागील लेखांकात हनोईच्या जुन्या पेठेतील छत्तीस गल्ल्यांची हकीकत आपण पाहिली. चांदीची, साखरेची, रेशमाची अशी ज्या त्या मालाची गल्ली तेथे कारागिरांच्या वस्तीतून शतकानुशतके आपसूक वाढत गेली आणि ज्या गावाहून ते कारागीर आले, त्या गावचे दैवतही त्यांनी आपल्या गल्लीत आणून बसविले. आज ज्या पेठेकडे वळावयाचे ती नायगावच्या वाचकास सकाळी निघून सायंकाळी परतता येईल इतकी जवळ आहे. तिची घडण मात्र उलट्या क्रमाने झाली. येथे आधी आराखडा आखला गेला आणि मग त्यात व्यापार मांडला गेला.

लातूर हे काही नवे गाव नव्हे. राष्ट्रकूट राजे स्वतःस लत्तलूर नगरीचे अधिपती म्हणवीत. परंतु अर्वाचीन लातूरच्या उत्कर्षाचे श्रेय या प्राचीन कीर्तीस देणे मला पटत नाही. ते श्रेय अडीच फूट अंतराच्या दोन रुळांचे आहे. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीस पोहोचली आणि १९११ साली लातुरास. बार्शी इंग्रजी अमलात, लातूर निजामाच्या. मधल्या सरहद्दीवर करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी कळदार रुपया, आणि सात हाली रुपयांस सुमारे सहा कळदार असा व्यवहार. औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूंनी कापूस, करडई, तूर व ज्वारी गाडीवर लादून आणणाऱ्या कुणब्यास ही जकात आणि हा हिशेब स्वतः निस्तरणे अशक्यप्राय होते. तो भार जो उचलील, त्याच्या दुकानी माल उतरणार हे उघडच होते. माझ्या मते लातूरच्या अडतीचे बळ मुळात येथे आहे: रूळ जेथे संपतात आणि दुसरे राज्य जेथून दूर नाही, अशा ठिकाणी आडत्या अपरिहार्य होतो.

आगगाडी आल्यानंतर सहा वर्षांनी, १९१७ साली, गोलाईची मुख्य दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ, त्याभोवती दुकानांचे कडे, आणि त्या कड्यास येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठे सराफ, कोठे पादत्राणे, कोठे मिरची, कोठे गूळ, अशी मालवार विभागणी या रस्त्यांवर झाली. ज्या दिशेने गाडी गावात शिरावी, त्या दिशेने ती थेट बाजाराच्या गर्भात पोहोचावी आणि कोणताही धंदा आडबाजूस पडू नये, ही या रचनेची योग्यता मला फार मोठी वाटते. हनोईत प्रत्येक गल्लीचे दैवत निराळे; येथे सोळाही रस्त्यांवरील व्यापाऱ्यांत एकच देवी, आणि त्या वर्तुळाची आखणी मुसलमान रचनाकाराच्या हातची. संस्थानी मराठवाड्याच्या नागरी जीवनाचे हे अंग आपल्या इतिहासलेखनात जितके यावयास हवे तितके आलेले नाही, याची खंत वाटते.

पुढे संस्थान विलीन झाले, करोडगिरी व हाली सिक्का इतिहासजमा झाले. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे बनले. धान्याचा ठोक व्यवहार बाजार समितीच्या आवारात गेला आणि तूर-सोयाबीनच्या लातूरच्या भावाकडे दूरदूरचे व्यापारी लक्ष ठेवू लागले. अरुंद रूळ २००७-०८ च्या सुमारास उखडून रुंद मार्ग झाला. ज्या दोन कारणांनी पेठ जन्मली, ती सरहद्द आणि ती छोटी गाडी, दोन्ही नाहीशी झाली. तरी सोने, कापड, भांडी, मसाला यांसाठी लग्नघरची माणसे आजही गोलाईतच येतात. ठोक व्यापार गेल्यावर पेठ ओस पडते असा अनुभव अनेक शहरांत येतो. येथे तसे घडले नाही, कारण किरकोळ गिऱ्हाइकास एका फेरीत सोळा बाजार पाहता येतात, ही सोय त्या आखणीतच होती.

पुढील लेखांकात जालन्याचा मोंढा.