भजनरथाचा नाद

रामनवमीस नागपूरच्या पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते. अशा मिरवणुकींत आज पिकअप गाडीच भजनाचा रथ होते. गाडीतील मूळचे स्पीकर चालकाच्या कक्षापुरतेच असल्याने भाविक नवे बसवितात. येथे विवेक हवा. विद्युत्शक्ती दुप्पट केली तरी ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. अँप्लिफायरवर अतिताण पडताच भजनाचे शब्द फाटतात. त्यास मानवणारे स्पीकर, जाड तार आणि बॅटरीजवळ फ्यूज, एवढे अवश्य पाहावे. २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नाम स्पष्ट ऐकू यावे आणि वाटेवरल्या रुग्णाची झोपही मोडू नये, एवढीच श्रीरामचरणी आमची प्रार्थना!