एक तोळ्याची गोळी

नागपूरच्या इतवारीतल्या सराफाला तोळा समजावून सांगावा लागत नाही. पण इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि रायफलची गोळी व तिच्यामागची दारू आजही याच ग्रेनमध्ये मोजतात, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या नावाजलेल्या शिकारी काडतुसात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे नेमकी एक तोळ्याची!

गोळी सुटल्यावर पितळेची पुंगळी मागे उरते. ती पुन्हा मापात आणायची, बुडाशी दारू पेटवणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबायची, याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत कित्येक नेमबाज हे घरीच करतात. काटकसर हे एक कारण. खरी ओढ असते ती प्रत्येक काडतूस आधीच्यासारखं हुबेहूब व्हावं याची.

त्यासाठीची मांडणी घड्याळजीच्या चिकाटीची. दाब देणारं प्रेस जड बाकाला बोल्टने आवळतात, कारण बाक हलला की गोळी कमी-जास्त खोल बसते. पुंगळीची लांबी कॅलिपरने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासतात. वजनकाटा ०.१ ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. छताचा पंखा चालू असला तरी त्याचा आकडा डळमळतो. नागपूरच्या कूलरसमोर तर तो ठरायचाच नाही. शिवाय बऱ्याच प्रकारची दारू उष्णतेत अधिक वेगाने जळते आणि नळीतला दाब वाढतो. जानेवारीच्या थंडीत बेतलेलं काडतूस मेमधल्या ४५ अंशांत तसंच वागेल, असं धरून चालणं धोक्याचं. चुकून दुप्पट दारू पडली तर रायफलच फुटू शकते.

भारतात मात्र हा घरगुती छंद नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’ या शब्दातच येतात. विनापरवाना दारूगोळा बनवला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद होते आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

म्हणून आपल्याकडे ही अचूकता कारखान्यात भेटते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं तयार होतात. नागपूरजवळच्या भंडाऱ्याच्या निर्माणीत प्रणोदक आणि स्फोटकं बनतात. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. तोलूनमापून, नियमांच्या चौकटीत काम चालतं तिथेही जोखीम एवढी मोठी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करू नये, असं कायद्याने म्हणणं रास्तच आहे.

मग आपले नेमबाज काय करतात? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. ती कड एकदा चेपली की पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. त्यामुळे अव्वल नेमबाज काडतूस बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी-रेंजवर आपली रायफल शिकंज्यात आवळून काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेले गट, झाडून पाहतात. प्रत्येक नळीला मानवणारा लॉट निराळा. ज्याच्या गोळ्या लक्ष्यावर एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात, त्याच लॉटची काडतुसं स्पर्धेसाठी राखून ठेवतात.