श्वानांचे कान आणि कोल्हापूरचा पावसाळा

मृगाचा पाऊस लागून पंधरवडा उलटला, की कोल्हापुरातील प्राण्यांच्या दवाखान्यांत एकाच दुखण्याची कुत्री दिसू लागतात. ती सारखे डोके झटकतात, मान एका अंगाला कलती धरतात आणि मागच्या पायाने कान इतका खाजवतात, की पाळीच्या मुळाशी जखम होते. त्यांत लॅब्राडोर, कॉकर स्पॅनियल, गोल्डन रिट्रीव्हर ही लोंबत्या कानांची मंडळी अधिक असतात. या जाती थंड मुलखांत घडल्या आणि आता त्या वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या शहरात राहतात. गगनबावड्याच्या बाजूला तर हेच मान पाच हजारांच्या पुढे जाते. श्वानाची निगा कशी राखावी हे त्याची जात, त्याच्या कानाचा आकार आणि आपल्या गावचे हवामान, या तिन्हींचा मेळ घालूनच ठरवावे लागते.

प्रथम कानाची रचना पाहू. माणसाचा कर्णमार्ग जवळजवळ सरळ आणि अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो. श्वानाचा कर्णमार्ग आधी उभा खाली उतरतो, मग काटकोनात वळून आडवा आत जातो आणि तेथे कर्णपटल लागते. मोठ्या जातींत ही वाट पाच ते दहा सेंटिमीटर भरते. कर्णमार्गाच्या त्वचेत मेदग्रंथी आणि मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी असतात. निरोगी कानात त्वचेचा वरचा थर पटलापासून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत राहतो आणि मळ आपोआप तोंडाशी आणून टाकतो. कान स्वतःला स्वच्छ ठेवतो, तो असा. मात्र आत दमटपणा साचला किंवा सूज आली, की ही हालचाल मंदावते. श्वानाच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणजे बंद कानात ऊब आणि ओल दोन्ही आयतीच मिळतात.

लोंबता कान हा निसर्गातील नियम नव्हे. लांडगा, कोल्हा, कोळसुंदा यांचे कान ताठ असतात. पाळीव प्राण्यांत मात्र लोंबते कान पुन्हा पुन्हा आढळतात, याकडे चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. माणसाळण्याच्या ओघात गर्भावस्थेतील विशिष्ट पेशींचे प्रमाण घटत गेले, त्यामुळे कूर्चा मऊ राहिली आणि कान पडले, असा एक सिद्धांत २०१४ मध्ये मांडला गेला. त्यावर अजून वाद चालू आहे. पुढे शिकारीच्या आणि पाण्यातल्या कामांसाठी माणसाने निवडून निवडून जाती घडवल्या, त्यात कानांचे हे आकार पक्के झाले.

आकारावरून श्वानांच्या कानांचे ढोबळ चार वर्ग पाडता येतात. जर्मन शेफर्ड आणि स्पिट्झ यांचा कान ताठ. कोली किंवा फॉक्स टेरियर यांचा अर्धताठ, म्हणजे उभा असून टोकाशी दुमडलेला. ग्रेहाउंडचा कान मागे वळून मानेशी चिकटतो, त्याला गुलाबी कान म्हणण्याची पद्धत आहे. येथे गुलाब रंगावरून नसून पाकळीच्या घडीवरून आला आहे. आणि चौथा लोंबता, ज्यात बीगल, बॅसेट, कॉकर यांच्याबरोबरच आपला कारवानीही बसतो.

या शेवटच्या नावापाशी थोडे थांबायला हवे, कारण दख्खनचा मानाचा श्वान तो हाच. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि सुमारे सत्तर सेंटिमीटर उंची असा हा वाऱ्यासारखा पळणारा, डोळ्यांनी सावज टिपणारा शिकारी कुत्रा. व्यापारी तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर हे कुत्रे पश्चिम आशियातून आले, अशी नावामागची समजूत आहे आणि सलुकीशी असलेले त्याचे साम्य नजरेत भरतेच. कोल्हापूरच्या पूर्वेला असलेल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीची जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने करतो. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी श्वानांची चार तिकिटे काढली, त्यांतील एकावर मुधोळ हाउंड आहे. दख्खनला श्वानविद्येची परंपराही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात श्वानांसाठी सारमेयविनोद हा स्वतंत्र भाग आहे.

कारवानीचा कान लोंबता असूनही फारसा त्रास देत नाही, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. त्याची पाळी पातळ, हलकी आणि आखूड केसांची असते. कुत्रा पळताना ती मागे उडते आणि कानात वारा खेळतो. शिवाय ही जात वाढली ती विजापूर, सोलापूर, लातूरच्या कोरड्या माळांवर. तिचाच केसाळ प्रकार म्हणजे पश्मी. पश्म या फारसी शब्दाचा अर्थ लोकर. पश्मीच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी झालर असते. तिची निगा अगदी वेगळी. माळावरून फिरून आलेल्या पश्मीच्या कानाची झालर बोटांत धरून पाहावी: कुसळी गवताची अणकुचीदार कुसळे टोक आत करून बसलेली सापडतात, एखादे गोखरू केसांचा पीळ करून घट्ट रुतलेले असते. ते ओढून काढू नये. केसांचे मूळ एका हाताच्या चिमटीत धरून ठेवावे, म्हणजे कातडीला ताण बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे विंचरत यावे. कर्णमार्गात शिरलेले कुसळ मात्र घरी काढायचा प्रयत्न करू नये. ते पुढेच सरकते आणि पटलापर्यंत पोहोचते.

लोंबत्या कानांना दुखणे अधिक होते, या अनुभवाला आकड्यांचाही आधार आहे. ब्रिटनमध्ये बावीस हजारांहून अधिक श्वानांच्या दवाखान्यातील नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ७.३ टक्के श्वानांना बाह्यकर्णदाह झालेला आढळला. ताठ कानांच्या तुलनेत लोंबत्या कानांत त्याची शक्यता १.७६ पट होती आणि बॅसेट हाउंड ही जात या यादीत सर्वांत वर होती. पण आकार हे एकच कारण नव्हे. कॉकरच्या कर्णमार्गात मळाच्या ग्रंथी आणि केस दोन्ही जास्त असतात, शार पेईचा मार्गच अरुंद असतो, आणि लॅब्राडोर व रिट्रीव्हर यांना त्वचेच्या ॲलर्जीची प्रवृत्ती असते. औषध संपले की आठवड्यात कान पुन्हा वाहू लागत असेल, तर मूळ बहुधा ॲलर्जीत असते आणि उपचार तिचा करावा लागतो.

मळाचा रंग आणि वास पाहून बरेच काही ओळखता येते. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ हे बहुधा मॅलसेझिया या यीस्टचे लक्षण असते. पिवळसर-हिरवा, दुर्गंधीचा स्राव जिवाणूंकडे बोट दाखवतो. कोरडा, कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ पिलांच्या कानात दिसला, तर कानातील सूक्ष्म किडींचा संशय घ्यावा. निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते. काचपट्टीवर मळ पसरून रंगवला, की मॅलसेझियाच्या पेशी मध्ये चिमटलेल्या शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या दिसतात. एकदा पाहिलेला तो आकार विसरता येत नाही. पटल शाबूत आहे की नाही हे डॉक्टरांनी कर्णदर्शकातून पाहिल्याशिवाय कानात कोणतेही थेंब घालू नयेत. पटल फाटलेले असेल, तर काही प्रतिजैविके अंतर्कर्णापर्यंत जाऊन बहिरेपण आणू शकतात.

कान धुण्याची रीत सोपी आहे, पण ती क्रमाने करावी लागते. पशुवैद्यकाने सुचवलेल्या कर्णप्रक्षालक द्रावाची बाटली पाच मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. थंड द्राव कानात गेला, की कुत्रा दुसऱ्यांदा जवळ येत नाही. पाळी वर आणि किंचित बाहेर ओढावी, त्यामुळे उभी वाट मोकळी होते. द्राव तोंडापर्यंत भरावा आणि कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, बोटांनी अर्धा मिनिट चोळावे. आत पचपच असा आवाज येऊ लागला, की मळ सुटतो आहे असे समजावे. मग हात सोडून कुत्र्याला डोके झटकू द्यावे. आडव्या वाटेतला मळ वर आणण्याचे काम तोच करतो. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून बोट सहज जाईल तेवढेच पुसावे. कापूस लावलेल्या काड्या वापरू नयेत, त्यांनी मळ वळणापलीकडे ठासला जातो. निरोगी कान दर आठवड्याला पाहावा, पण विनाकारण धुऊ नये. पोहणाऱ्या कुत्र्याचा कान मात्र त्याच दिवशी कोरडा करावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या वेळी तर ही दक्षता अधिकच हवी, कारण पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते.

आपल्या घरांत बाळाच्या कानात तेल घालण्याची रीत होती आणि त्याच मायेने कुत्र्याच्या कानातही लसूण टाकून कढवलेले तेल घातले जाते. हेतू चांगला असला, तरी परिणाम उलटा होतो. तेलाचा थर ओल आत कोंडतो, सरकता मळ त्याला चिकटून राहतो आणि सुजलेल्या कातडीला लसणाचा दाह होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही टाळावे.

केशरचनेनुसार निगा बदलते, ती थोडक्यात पाहू. कारवानी, डॉबरमन यांच्या आखूड केसांना रबरी ब्रशने घोड्याला करतात तसा खरारा पुरतो. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, स्पिट्झ यांना दुहेरी केस असतात; आतला मऊ थर भिजून राहिला, तर कुबट वास येतो आणि कातडीवर ओले चट्टे उठतात, म्हणून आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात यांचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, कारण तो थर उष्णतेपासूनही रक्षण करतो. शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. त्यांना रोज विंचरणे आणि दीड-दोन महिन्यांनी कातरणे अटळ आहे. माणसाचा शाम्पू कोणालाच लावू नये. श्वानाच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा कमी, उदासीनाच्या जवळपास असते.

ताठ कानांचे धनी निर्धास्त असतात, पण कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा आहे आणि अनेक घरांना लागून गोठा असतो. गोठ्यातील चावऱ्या माश्या जर्मन शेफर्डच्या कानांच्या टोकांना चावतात आणि तेथे काळ्या खपल्यांची किनार तयार होते. खपल्या कोमट पाण्याने मऊ करून काढाव्यात, डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे आणि शेणाचा उकिरडा कुत्र्याच्या जागेपासून दूर न्यावा. गोचीड सर्वच जातींच्या पाळीच्या घडीत दडतात. ते चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटावेत. बोटांनी चिरडू नयेत. एर्लिकिया आणि बबेसिया यांचा प्रसार याच गोचिडांमुळे होतो. सारखे डोके झटकल्याने पाळीत रक्त साकळून ती पुरीसारखी फुगली, तर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कान हाताळू देण्याची सवय लावायची ती पिलाच्या दुसऱ्या महिन्यापासून. रोज संध्याकाळी पिलू मांडीवर घ्यावे, पाळी उलटून पाहावी, बोट मुळाशी फिरवावे, पंजे दाबावेत आणि भाकरीचा तुकडा द्यावा. असे वाढलेले कुत्रे पाच-सहा महिन्यांचे झाले, की द्रावाची बाटली दिसताच स्वतःहून मान कलती करून उभे राहते.