रबरी मेंदू, रिकामे डोळे

'द ब्रेन फ्रॉम प्लॅनेट अ‍ॅरॉस' या १९५७च्या अमेरिकन चित्रपटातला खलनायक म्हणजे परग्रहावरून आलेला एक भलामोठा मेंदू आहे. दिसायला वळ्या पाडलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा, पुढच्या बाजूला मोटारीच्या दिव्यांसारखे दोन डोळे, आणि तारांवर टांगल्यामुळे हवेत डुलत येणारा. त्याचं नाव गोर. तो स्टीव्ह मार्च नावाच्या अणुशास्त्रज्ञाच्या शरीरात शिरतो आणि जग जिंकायला निघतो. त्याला पकडायला त्याच ग्रहावरून दुसरा मेंदू येतो. तो स्वभावाने सज्जन, आणि लपायला जागा हवी म्हणून घरच्या कुत्र्याच्या अंगात मुक्काम ठोकतो. इथवर वाचून ज्याला हसू आलं नाही त्याची काळजी वाटावी. पण याच चित्रपटात जॉन एगर हा नट खिडकीशी उभा राहून आकाशातल्या विमानाकडे बघतो, त्याचे डोळे चंदेरी होतात, विमान फुटतं, आणि तो हसतो. त्या हसण्यात इतकी मनापासूनची मजा आहे की आपलं हसू क्षणभर थांबतं. डोळे तसे दिसावेत म्हणून त्याला धातूचा रंग दिलेल्या लेन्स घालाव्या लागल्या आणि रंगाचे कण सुटून डोळ्यांना भयंकर त्रास झाला. चित्रपटातली सगळ्यात परिणामकारक गोष्ट नटाच्या डोळ्यांत होती आणि सगळ्यात हास्यास्पद गोष्ट तारेवर लटकत होती. मनावर ताबा मिळवण्याच्या स्वस्त भयपटांचं सारं बलाबल या दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात सापडतं, असं माझं म्हणणं आहे.

भयपट काढणाऱ्याला राक्षस लागतो, आणि राक्षस महाग असतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत उघड्यावरच्या ड्राइव्ह-इन चित्रगृहांचं पेव फुटलं होतं. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती, मोटारीत बसलेल्या तरुण पोरांना दर आठवड्याला नवं काहीतरी हवं होतं, आणि रॉजर कॉर्मनसारखे निर्माते आठवड्या-दोन आठवड्यांत चित्रीकरण उरकत होते. अशा हिशेबात 'दुसऱ्याच्या मनाचा ताबा' ही कल्पना म्हणजे घबाडच. यात राक्षसाला वेगळा मुखवटा लागत नाही, शेपूट लागत नाही. कालचाच नट, कालचेच कपडे, कालचंच स्वयंपाकघर; त्याने फक्त बायकोकडे वेगळ्या नजरेने बघायचं. भीतीच्या इतर प्रकारांत गरिबी लपवावी लागते. इथे मात्र ती गोष्टीच्या कामाला येते.

डॉन सीगलचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) हा या जातीतला सगळ्यात नेटका चित्रपट. तो टुकार मुळीच नाही, पण इतरांना मोजायला माप म्हणून उपयोगी आहे. त्यात विल्मा नावाची बाई डॉक्टरला सांगते की हे माझे काका नाहीत. आणि काका तिथेच, भर दुपारच्या उन्हात, अंगणातलं गवत कापत असतात. आवाज तोच, खुणा त्याच, जुन्या आठवणीही बिनचूक. फक्त तिच्याशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत जे काही असायचं ते आता नाही. या प्रसंगाला खर्च काय, तर एक गवत कापायचं यंत्र. विल्यम कॅमेरॉन मेन्झीसच्या 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स'मध्ये (१९५३) हीच गोष्ट एका लहान मुलाच्या बाजूने येते. डेव्हिडच्या घरामागच्या वाळूच्या खड्ड्यात रात्री यान उतरतं. वडील बघायला जातात आणि परत येतात ते मानेवर एक खूण घेऊन. आदल्या रात्री हसूनखेळून बोलणारा बाप, मुलाने खुणेबद्दल विचारताच त्याला एका फटक्यात जमिनीवर पाडतो. मग मुलगा पोलिसठाण्यात जातो. ते ठाणं म्हणजे लांबच लांब मोकळा बोळ, उघड्या पांढऱ्या भिंती आणि शेवटी उंच टेबलाआड बसलेला हवालदार. मेन्झीसने 'गॉन विथ द विंड'चं दृश्यसंयोजन केलं होतं. हाती पैसे नसताना रिकाम्या भिंतींचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. मुलाला मोठ्यांचं जग असंच दिसतं, सामान कमी आणि उंची जास्त. आणि ठाण्याच्या प्रमुखाच्या मानेवरही ती खूण निघते. दोन्ही चित्रपटांत बदल आधी कळतो तो घरातल्या दुबळ्या माणसाला, आणि नेमकं त्याचंच बोलणं कुणी मनावर घेत नाही. या चित्रपटांची खरी ओढ मला इथे वाटते. आपल्या माणसात काहीतरी बिनसलंय हे कळणं आणि ते सिद्ध करता न येणं, हे घरोघरी घडतं. त्यासाठी मंगळ लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. भावशून्य चेहरा हीच जर भीती, तर प्रत्येक ठोकळा नट महान ठरला, आणि आपण नाकर्तेपणाला कला म्हणत सुटलो. आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर चित्रपटांतच मिळतं. ताबा बसण्याआधीचा माणूस जिवंत दिसला असेल, तरच नंतरचा कोरा चेहरा काळजाला भिडतो. 'इन्व्हेडर्स'मधला बाप या परीक्षेत उतरतो. 'अ‍ॅरॉस' ती उलट्या बाजूने देतो, कारण तिथला शास्त्रज्ञ शुद्धीवर असताना मिळमिळीत असतो आणि झपाटल्यावर त्याला तरतरी येते. व्हिक्टर हाल्पेरिनचा 'व्हाइट झॉम्बी' (१९३२) मात्र निम्मा नापास होतो. हैतीतला जादूगार बेला लुगोसी नायिकेला वश करतो खरा, पण ती आधीही इतकी लाकडी असते की ताबा नेमका कधी बसला हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

निम्माच नापास, कारण त्या चित्रपटात उसाच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. जेमतेम अकरा दिवसांत, दुसऱ्यांचे उभे असलेले सेट भाड्याने घेऊन केलेला हा चित्रपट. डोक्यावर टोपल्या घेतलेली मेलेली माणसं रांगेने वर चढतात आणि ऊस चरकात ओततात. खाली आणखी काहीजण दांड्याला जुंपलेले, चरक फिरवतायत. संगीत नाही, लाकडाची करकर तेवढी ऐकू येते. एकाचा तोल जातो आणि तो चरकात पडतो. कुणी वळून बघत नाही. करकरीची लय तसूभर बदलत नाही. वर लुगोसी पाहुण्याला समजावतो की हे मजूर कामाच्या तासांबद्दल कुरकुर करत नाहीत. १९१५ ते १९३४ हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता आणि तिथल्या लोकांना रस्त्यांच्या कामावर सक्तीने जुंपलं गेलं होतं. म्हणजे हा चित्रपट बनला तेव्हा तो ताबा चालूच होता. हाल्पेरिनला त्यावर भाष्य करायचं होतं असा दावा मी करणार नाही, चित्रपटाचा बाकीचा ऐवज पाहता तशी शंकाही येत नाही. पण मन काढून घेतलेला माणूस म्हणजे आदर्श मजूर, हे त्या दोन मिनिटांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुढे मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही क्वचितच दिसलं.

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा. हे सगळं म्हणजे साम्यवादाचा बागुलबुवा, तो काळ सरला तशी या चित्रपटांची धारही गेली, असं ते म्हणतात. काळाचा संबंध नाकारता येत नाही. 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द इंग्रजीत रूढ केला तो एडवर्ड हंटर या पत्रकाराने १९५० साली, चीनबद्दल लिहिताना. कोरियन युद्ध संपल्यावर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला, तेव्हा कुणीतरी त्यांची मती फिरवली असणार या समजुतीने देश हादरला. पण भीती एकतर्फी नव्हती. 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स' झळकला १९५३च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच महिन्यात सीआयएने 'एमके-अल्ट्रा' या गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली. औषधं, संमोहन, आणि नकळत एलएसडी पाजलेली माणसं, असा सगळा मामला. त्याची बरीच कागदपत्रं १९७३मध्ये नष्ट केली गेली आणि उरलेलं १९७५पासून चौकशी समित्यांपुढे आलं. मानेत सुई टोचून माणसाचा ताबा घेता येतो ही कल्पना बालिश म्हणावी, तर ती सरकारी तिजोरीतून पैसे खर्चून तपासणाऱ्यांना काय म्हणावं? पडद्यावरच्या लुटुपुटीच्या मंगळवासीयांनी निदान करदात्यांना फसवलं नाही.

धंदेवाल्यांनाही हा मोह आवरला नाही. १९५७मध्ये जेम्स व्हिकरी या जाहिरात-सल्लागाराने दावा केला की चित्रपट चालू असताना डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने 'पॉपकॉर्न खा' असं चमकवलं की विक्री ५७.८ टक्क्यांनी वाढते. दशांश चिन्हानंतरच्या त्या आठने लोकांचा विश्वास बसला असावा. १९६२मध्ये त्यानेच कबूल केलं की तो बनाव होता. मधल्या काळात 'द हिप्नॉटिक आय' (१९६०) आला. त्याची सुरुवात जबरदस्त आहे: एक बाई केस धुवायला बसते, तसं ती निवांतपणे गॅसच्या शेगडीवर वाकते, आणि डोकं ज्वाळेत घालते. संमोहनकाराच्या खेळाला जाऊन आलेल्या सुंदर बायका एकापाठोपाठ स्वतःला विद्रूप करतायत. पण पुढे निर्मात्यांना वाटलं की प्रेक्षकालाच संमोहित करून दाखवावं. थेटरात डोळा छापलेले फुगे वाटले गेले, आणि पडद्यावरचा संमोहनकार गोष्ट थांबवून समोरच्या लोकांना हात वर करा, खाली करा असं सांगत बसला. मुंबईच्या लोकलमध्ये वशीकरणाची हमी देणारी पत्रकं चिकटवलेली असतात. त्यांतल्या बाबांनी प्रवाशांना डब्यातच चमत्कार दाखवायला घेतला, तर जे होईल ते इथे झालं.

म्हणजे दोष सुरू होतो तो ताबा घेणारा स्वतः पुढे येतो तेव्हा. 'इन्व्हेडर्स'च्या उत्तरार्धात हिरव्या मखमली कपड्यांतले मंगळवासी बोगद्यातून पळतात आणि त्यांच्या पाठीची चेन स्पष्ट दिसते. तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरलेत, आणि मध्ये लष्कराच्या रणगाड्यांचं जुनं चित्रण ओतलंय, पातळ आमटीत पाणी घालावं तसं. 'द ब्रेन ईटर्स'मध्ये (१९५८) मानेला चिकटणारे परजीवी म्हणजे चावीची खेळणी होती, वर केसाळ कापड आणि पाइप साफ करायच्या तारांच्या मिशा. गंमत म्हणजे त्याच चित्रपटात सदऱ्याखाली मानेजवळ आलेला उंचवटा चांगलाच अस्वस्थ करतो. सदरा वर होईपर्यंत सगळं ठीक असतं. ही कथा रॉबर्ट हाइनलाइनच्या 'द पपेट मास्टर्स' या कादंबरीशी इतकी जुळत होती की त्याने दावा लावला आणि कॉर्मनने पाच हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लेनर्ड निमॉय यात छोट्या भूमिकेत आहे, श्रेयनामावलीत त्याचं आडनावही चुकलंय.

पण चेन आणि चावी हे क्षम्य दोष. हसून सोडून देता येतात. अनेकजण तर त्यांच्यासाठीच हे चित्रपट बघतात आणि त्यात काही गैर नाही. मला खटकतो तो निराळा दोष, ज्याचा पैशाशी संबंध नाही. आपल्याकडे मुलगा बिघडला की आई म्हणते, तो तसा नव्हता हो, कुणीतरी कान भरले. बहुतेक सगळे मनताब्याचे चित्रपट शेवटी या आईच्या भूमिकेत जातात. यंत्र फुटलं, मेंदू मेला, की माणूस होता तसा परत. 'अ‍ॅरॉस'मध्ये गोरच्या ताब्यातला स्टीव्ह माणसं मारतो, प्रेयसीवर जबरदस्ती करू बघतो. मग गोर बाहेर पडल्याची संधी साधून तो कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करतो, आणि पुढच्या मिनिटाला सगळं आनंदीआनंद. तिनेच त्याला मेंदूचं नाजूक ठिकाण चिठ्ठीने कळवलेलं असतं, तिनेच त्या दुसऱ्या सज्जन मेंदूशी संगनमत केलेलं असतं, आणि ती ते सांगू लागते तेव्हा हा तिची कल्पनाशक्ती म्हणून हसण्यावारी नेतो. सुरुवातीला जिच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तिच्यावर शेवटीही नाहीच. चित्रपटाने उभी केलेली एकमेव खरी भीती अशी परत डब्यात भरून ठेवली जाते. त्या मानाने सीगलच्या चित्रपटात शेंगांतून निघून माणसांची जागा घेणारे लोक परत माणसात येत नाहीत, म्हणून तो चित्रपट आजही टोचतो.

या दोषातून सुटलेला एक नमुना बऱ्याच उशिरा आला. जॉन कार्पेंटरच्या 'दे लिव्ह'मध्ये (१९८८) परग्रहवासीयांनी जाहिरातींच्या आड हुकूम लपवलेत, आणि एका ठरावीक काळ्या चष्म्यातून पाहिलं की रंगीत फलकाच्या जागी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत नुसतं 'आज्ञा पाळा' दिसतं. याहून स्वस्त चमत्कार सापडणं अवघड. आक्रमकांचे चेहरे इथेही रबरीच आहेत, बऱ्यापैकी बावळट दिसतात. पण त्यांची नोकरी करणारी माणसं मात्र पूर्ण शुद्धीवर आहेत, पैसे मोजून घेतायत, कुणी त्यांचे कान भरलेले नाहीत. आणि मध्यावर एक मारामारी आहे, पाच मिनिटांहून लांब. मुख्य भूमिकेतला रॉडी पायपर हा खराखुरा कुस्तीचा मल्ल. तो आपल्या मित्राला म्हणतो, हा चष्मा फक्त एकदा डोळ्यांना लाव. मित्र तयार होत नाही. मग कचऱ्याच्या डब्यांमध्ये, मोटारींवर आपटत, दोघं एकमेकांना बुकलत राहतात. थांबतात, दम खातात, एक माफी मागतो आणि पुन्हा सुरू. प्रसंग ताणलाय, हास्यास्पद आहे, कुठल्याही शहाण्या संकलकाने तो निम्मा कापला असता. मित्राच्या मानेवर खूण नाही, पाठीवर उंचवटा नाही. त्याला फक्त बघायचं नाहीये.